तांबीचा दोरा एका महिन्यात लागतो, दुसऱ्या महिन्यात लागत नाही: कुठं बघायचं, कधी धावायचं

तांबी (कॉपर-टी) बसवलेल्या बाईची एक शंका दर पाळीनंतर नव्यानं डोकं वर काढते. मागच्या महिन्यात बोटाला दोरा लागला होता, या महिन्यात लागत नाही. मग शेजारीण सांगते की तांबी वर चढली, जाऊ सांगते की पडून गेली, आणि पुढच्या पाळीनंतर दोरा पुन्हा आपल्या जागी सापडतो. यातल्या बहुतेक वेळा तांबी इंचभरही हललेली नसते. पण काही वेळा हललेली असते, आणि त्या वेळा ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत.

आधी वस्तू नीट समजून घ्या. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या तांब्या फुकट बसवतात. ३८०ए ही इंग्रजी टी आकाराची, ३६ मि.मी. लांब, ३२ मि.मी. रुंद, १० वर्षं चालणारी. म्हणजे आगपेटीतल्या काडीहून जराशी आखूड. दुसरी ३७५, तिचे दोन्ही हात लवचीक आणि खाली वाकलेले, ती ५ वर्षांची. खाजगीत हार्मोनची मिळते, मिरेना वगैरे. तिच्यात तांबं नावालाही नसतं, तरी बोलताना तीही तांबीच. (सासूच्या पिढीतल्या बाया सरसकट 'लूप' म्हणतात. १९६५ साली आलेला तो लूप नुसत्या प्लॅस्टिकचा होता. त्याच्या रक्तस्रावाच्या गोष्टी आजच्या तांबीला अजून चिकटून आहेत.)

३८०ए च्या दांडीच्या खालच्या टोकाला ३ मि.मी.चा एक गोळा असतो, साधारण धण्याच्या दाण्याएवढा. त्याला दोन दोरे बांधलेले असतात. तांबी पूर्ण पिशवीत, म्हणजे गर्भाशयात असते, फक्त दोरे पिशवीच्या तोंडातून खाली उतरतात. बसवताना डॉक्टर ते तोंडापासून साधारण ३ सें.मी. ठेवून कापतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा. दोरा ३ सें.मी.च्या आसपास लागणं ठीक आहे. धण्याएवढं टणक टोक लागणं ठीक नाही. बाकी सगळं यांच्या मधलं.

दोरा बघायची रीत

वेळ: पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत, महिन्यातून एकदा. रोज बघू नका, त्यानं कळत काही नाही आणि भीती तेवढी वाढते. पहिले तीन महिने मात्र चुकवू नका, कारण तांबी घसरायची असेल तर बहुधा याच काळात घसरते. पहिल्या वर्षात साधारण २० तल्या एका बाईची तांबी बाहेर येते, आणि बरेचदा पाळीच्या दिवसांत.

नखं कापा, हात साबणानं धुवा. लघवी करून या, संडासही साफ झालेली असू द्या, कारण आतडं भरलेलं असलं की पिशवीचं तोंड सरकतं आणि बोटाची वाट अडते. मग उकिडवे बसा. भारतीय संडासात बसायची सवय असेल तर तीच बैठक उत्तम. गुडघे दुखत असतील तर एक पाय उलट्या बादलीवर किंवा पाटावर ठेवून उभ्या राहा. मधलं बोट सरळ वर न घालता मागे, माकडहाडाच्या दिशेनं न्या. आत मऊ, सुरकुतलेली भिंत लागेल. तिच्या शेवटी एक गुळगुळीत, किंचित कडक उंचवटा लागेल, नाकाच्या शेंड्यासारखा. तेच पिशवीचं तोंड. त्याच्या मधोमध खळगा असतो. बाळंतपण झालेल्या बाईत तो गोल न राहता आडव्या चिरेसारखा लागतो. दोरा त्या खळग्यातून येतो.

दोऱ्याचा स्पर्श कसा? संक्रांतीला पोलीस जो नायलॉन मांजा जप्त करत फिरतात ना, जाडीला आणि चिवटपणाला तसाच, फक्त धार नसलेला. पहिल्या आठवड्यांत तो थोडा ताठ असतो. नंतर मऊ पडतो आणि तोंडाभोवती वळून बसतो. दोन्ही दोरे एकमेकांना चिकटले की एकच लागतो, त्यात काही बिघडलेलं नसतं.

दोरा ओढून बघू नका. हललाच तर तांबी खाली येईल, आणि तुमची तपासणीच तुमच्या तक्रारीचं कारण होईल. बोट फक्त लांबी बघायला. टोकापासून खळग्यापर्यंत बोटाचं किती पेर जातं ते मनात धरा. पुढच्या महिन्यात तुलना याच्याशी करायची, मैत्रिणीच्या दोऱ्याशी नाही.

दोरा लागत नाही

सगळ्यात साधं कारण: बोट पोचलं नाही. पाळीच्या आसपास पिशवीचं तोंड खाली आणि कडक असतं. पाळीच्या मधल्या दिवसांत, म्हणजे बीज सुटायच्या सुमारास, ते वर सरकतं आणि मऊ होतं, तेव्हा ज्यांची बोटं आखूड त्यांना तोंडच लागत नाही. एका महिन्यात पाळीनंतर लगेच बघितलं आणि दुसऱ्या महिन्यात चौदाव्या दिवशी, तर उत्तर वेगळं येणारच. 'एका महिन्यात आहे, एका महिन्यात नाही' हा घोळ बरेचदा इथेच सुटतो.

दुसरं कारण: दोरा तोंडाच्या मागच्या खोबणीत वळून बसला आहे. तोंड सापडलं पण दोरा नाही, असं झालं तर बोट तोंडाभोवती पूर्ण गोल फिरवा, मागच्या बाजूला जास्त वेळ. ज्यांची पिशवी मागे झुकलेली आहे त्यांचं तोंड उलट पुढं वळलेलं असतं, त्यांनी पुढच्या बाजूला शोधायचं. तुमची पिशवी कशी आहे हे जुन्या सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं असतं, 'अँटिव्हर्टेड' म्हणजे पुढं, 'रेट्रोव्हर्टेड' म्हणजे मागे.

तिसरं: दोरा फार आखूड कापला गेला, किंवा तोंडाच्या नळीत वर ओढला गेला. तांबी जागेवर, दोरा आत. हे तुम्हाला बोटानं कळणार नाही.

उरलेली तीन कारणं क्वचित घडतात, पण त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. तांबी नकळत पडली, दिवस गेले आणि वाढणाऱ्या पिशवीनं दोरा वर खेचला, किंवा बसवताना तांबी पिशवीच्या भिंतीतून पलीकडे गेली. शेवटचं हजारात एखाद-दोन जणींच्या बाबतीत होतं. अंगावर पाजत असताना बसवली असेल तर शक्यता थोडी जास्त. तांबी 'काळजापर्यंत चढते' असं जे सांगतात त्याच्या मुळाशी हेच. भिंत न फाटता पिशवीतून वर जायला वाटच नाही.

तर करायचं काय? दोरा लागला नाही की दुसऱ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत पुन्हा एकदा बघा. तरी नाही, तर त्या दिवसापासून दवाखान्यात तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. पाळी चुकली असेल किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीवर किट करून बघा. तांबी पडलेली दिसली आणि मागच्या ७२ तासांत संबंध आला असेल तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मि.ग्रॅ.ची एक गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. जितकी लवकर तितकी उपयोगी.

दवाखान्यात आधी स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं साधन) लावून नुसतं बघतात. बऱ्याच जणींचा दोरा तिथेच दिसतो आणि विषय संपतो. नाही दिसला तर तोंडाच्या नळीत बारीक ब्रश फिरवून बाहेर काढतात, तोही नाही आला तर सोनोग्राफी. इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली की 'पडून गेली असेल' म्हणून लगेच नवी बसवतात. तांबी पडताना कुणी डोळ्यांनी पाहिली नसेल तर पोट आणि ओटीपोटाचा एक्स-रे काढल्याशिवाय ती पडली असं मानू नये. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेलं असतं ते याचसाठी, एक्स-रेत ती स्पष्ट दिसावी म्हणून. (दिवस गेलेले नाहीत याची खात्री एक्स-रेच्या आधी.) हा एक्स-रे तुम्ही स्वतः विचारून घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

दोरा आधीपेक्षा लांब लागतो, किंवा टणक काहीतरी लागतं

बोटाच्या अर्ध्या पेराएवढा फरक सोडून द्या. दोरा एकदम एक-दीड पेर वाढला असेल तर तांबी खाली येते आहे असं धरून चाला. तोंडाच्या खळग्यात धण्याएवढा टणक गोळा किंवा काडीसारखं टोक लागलं तर ती अर्धी बाहेर आलेलीच आहे. सोबत ओटीपोटात पेटके, संबंधांच्या वेळी टोचणं, मधेच लाल किंवा तपकिरी डाग असंही असतं, पण काहींना काहीच जाणवत नाही.

ती परत आत ढकलू नका. बोटानं ती जागेवर बसत नाही, फक्त जंतू आत जातात. ओढूनही काढू नका. अर्धी बाहेर आलेली तांबी गर्भ राहू न देण्याच्या कामाची उरत नाही, म्हणून निरोध, आणि एक-दोन दिवसांत दवाखाना. तिथे ती काढतात. दिवस गेलेले नसतील आणि जंतुसंसर्ग नसेल तर त्याच बैठकीत नवी बसवता येते.

पाळीत कप वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. कप ओढताना आत पोकळी तयार होते, आणि बोटात दोरा अडकायचीही भीती असते. आधी कपचा तळ चिमटीत दाबून हवा शिरू द्या, मगच काढा. शेपटी धरून सरळ खेचू नका.

बाळंतपणात बसवलेली असेल तर वरचं अर्धं गणित चालत नाही

नागपूरच्या डागा, मेयो, मेडिकल या तिन्ही सरकारी दवाखान्यांत बाळंतपणांची गर्दी मोठी. वार पडल्यावर १० मिनिटांत, सिझर चालू असतानाच, किंवा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. त्या वेळी पिशवी मोठी असते आणि दोरा कापत नाहीत. पिशवी आकसत जाते तसा तो खाली उतरतो. म्हणून पहिले काही आठवडे दोरा अजिबात न लागणं आणि नंतर एकदम खूप लांब लागणं, कधी तर अंगाबाहेर दिसणं, हे या बायांत अपेक्षित आहे. वाढला म्हणून घाबरू नका आणि घरच्या कात्रीनं कापू नका. सहा आठवड्यांच्या तपासणीला तो कापून देतात. सिझरमध्ये बसवलेल्या तांबीचा दोरा पुष्कळदा खाली येतच नाही. सोनोग्राफीत तांबी जागेवर असेल तर तेवढं पुरे.

मात्र या प्रकारात तांबी पडण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे, म्हणून सहा आठवड्यांची फेरी टाळू नये. माहेरपण रामटेकला, बाळंतपण नागपुरात, असं असेल तर तांबीच्या नोंदीचं कार्ड सोबत न्या. आशाताईंना दाखवा, त्या जवळच्या दवाखान्यात तारीख लावून देतात.

नवऱ्याला टोचतं

नवा दोरा ताठ असतो म्हणून. सहसा काही आठवड्यांत मऊ पडतो. फार आखूड कापलेला दोरा जास्त टोचतो, कारण तो वळत नाही, खुंटासारखा सरळ उभा राहतो. त्यामुळे 'अजून कापून द्या' म्हणायच्या आधी थांबा. थांबूनही त्रास राहिला तर तोंडाच्या बरोबरीनं कापून देता येतो, पण मग तुम्हाला तो पुन्हा कधी लागणार नाही आणि काढताना डॉक्टरांना थोडी जास्त खटपट करावी लागेल. कापला तर कार्डावर लिहून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी दुसऱ्या दवाखान्यात 'दोरा दिसत नाही' म्हणून सोनोग्राफीचा खर्च उगाच होतो.

दुखणं आणि अंगावरून जाणं: किती चालतं

बसवल्यावर दोन-तीन दिवस पाळीसारखे पेटके. गरम पाण्याची पिशवी आणि साधी गोळी पुरते. तांब्याच्या तांबीवर पहिल्या तीन ते सहा पाळ्या जास्त जातात, एक-दोन दिवस लांबतात, मधे डाग पडतात. आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, जास्तीत जास्त पाच दिवस घेतलं तर दुखणं आणि रक्त दोन्ही कमी होतात. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, अशा गोळ्यांनी दमा उठण्याचा त्रास, किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन तर नकोच, त्यानं रक्त उलट वाढू शकतं.

हार्मोनच्या तांबीचं उलटं. सुरुवातीचे तीन ते सहा महिने रोज थोडे थोडे डाग, कंटाळा येईल इतके, आणि मग पाळी कमी होत जाते. वर्षभरानं साधारण पाचातल्या एका बाईची पाळी पूर्ण थांबते. रक्त आत साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही नसतं. अशांनी दोरा बघायला महिन्याची एक तारीख धरावी.

विदर्भात एक गोष्ट वेगळी विचारावी लागते: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ज्यांना आजार आहे (नुसत्या वाहक नव्हे) त्यांनाही तांबी बसवता येते, पण तांब्याच्या तांबीनं रक्त जास्त जाऊन आधीच कमी असलेलं हिमोग्लोबिन आणखी उतरू शकतं. हार्मोनच्या तांबीत ही अडचण नाही. बसवण्याआधी हिमोग्लोबिन करून तो आकडा कार्डावर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. सिकलसेल असताना लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका, वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं.

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला

'आययूसीडी इन सिटू' म्हणजे तांबी पिशवीत, जागेवर. 'लो लाइंग' वाचून मात्र लगेच काढायला धावू नका. दांडी पिशवीच्या तोंडाच्या नळीत उतरली आहे का, हा खरा प्रश्न आहे. उतरली असेल तर बदलायची. तांबी थोडी खाली पण पूर्ण पिशवीतच, आणि दुखणं-रक्तस्राव काही नाही, अशा वेळी ती राहू देता येते. घाईनं काढून दुसरं काहीच न वापरण्यात दिवस जाण्याचा धोका जास्त. 'एम्बेडेड' म्हणजे एखादा हात भिंतीत रुतला आहे. तेव्हा दुखणं आहे का, हे बघून डॉक्टर ठरवतात. रिपोर्टात यातलं काहीच नसेल तर पिशवीच्या वरच्या टोकापासून तांबीचं अंतर आणि दांडी तोंडाच्या नळीत आहे की नाही, एवढं लिहून मागा. खालून करायच्या सोनोग्राफीला मूत्राशय रिकामं लागतं, पोटावरून करायच्या सोनोग्राफीला भरलेलं. उन्हात ताटकळत दोन बाटल्या पाणी पिण्याआधी कोणती आहे ते विचारा.

त्याच दिवशी दवाखाना

ताप: थर्मामीटरवर ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा वर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात सगळ्यांचंच अंग गरम लागतं, हात लावून ठरवू नका. तापासोबत ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचं पांढरं किंवा पिवळं जात असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत याकडे विशेष लक्ष हवं. औषधं सुरू करताना तांबी काढावीच लागते असं नाही. दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर काढतात.

रक्त: तासाला एक पॅड पूर्ण भिजतं आहे आणि हे दोन तास चालू आहे.

पाळी चुकली आणि किट दोन रेघा दाखवतं. तांबीवर दिवस राहणं फार क्वचित, पण राहिले तर गर्भ पिशवीबाहेर, बीजवाहक नळीत आहे का हे आधी बघावं लागतं. सोबत एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, डोळ्यांपुढं अंधारी असेल तर ओपीडीची चिठ्ठी काढत बसू नका, १०८ लावा आणि थेट तातडीच्या विभागात जा. गर्भ पिशवीतच असेल आणि दोरा दिसत असेल, तर गर्भ ठेवायचा असो वा नसो, तांबी लवकर काढणंच बरं. ती तशीच राहिली तर गर्भपाताचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

यातल्या कुठल्याही कारणासाठी गेलात तरी कार्ड सोबत न्या: ३८०ए की ३७५, बसवल्याची तारीख, काढायची तारीख, दोरा किती ठेवला. कार्ड हरवलं असेल तर बसवलं त्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, महिना आणि वर्ष सांगितलं तर काढून देतात.